घोड्याच्या चंदीपासून टॉमीच्या डब्यापर्यंत



भोपाळच्या मराठी घरांच्या आठवणींत आजवर भेलच्या नोकऱ्या, गणेशोत्सवातली नाटकं, नागपूरहून येणारे संत्र्यांचे करंडे, सगळं येऊन गेलं. माझा विषय जरा वेगळा आहे. माझी सगळी नोकरी जनावरांची औषधं आणि खुराक विकण्यात गेली. घर इथेच अयोध्या नगरात, आणि फिरती सीहोर, विदिशा, रायसेन, होशंगाबाद. तेव्हा लोक विचारायचे, "म्हशींची टॉनिकं विकता म्हणजे नेमकं काय करता?" आता बायपासवर कुत्र्यामांजरांच्या खाण्याचं दुकान दिसतं. तिथे कॅल्शियमची हाडं, केस चमकवायचं तेल, सांध्यांच्या गोळ्या, लिव्हरचं सिरप असं सगळं मांडलेलं असतं, आणि तीच माणसं विचारतात, "हे आपल्या टॉमीला चालेल का हो?"

चालेल की नाही ते शेवटी सांगतो. आधी हा धंदा आला कुठून, ते सांगतो. घोड्याचा आणि कुत्र्याचा पूरक खुराक ही अलीकडची विलायती टूम आहे असं आपल्याला वाटतं. पण तिची सुरुवात आपल्याच पागेत सापडते, आणि एक धागा तर थेट भोपाळच्या तलावापाशी येतो.

डिसेंबर १७३७. निजामउल्मुल्क मोठी फौज आणि तोफखाना घेऊन माळव्यात उतरला होता. बाजीरावाने त्याला भोपाळजवळ गाठलं. निजामाने शहराच्या तटाचा आणि तलावाचा आडोसा धरला. बाजीराव तटावर डोकं आपटत बसला नाही, त्याने रसद तोडली. बाहेरून दाणा येईना, वैरण येईना. बाजीरावाने चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्या छावणीची हालत आहे: धान्य रुपयाला शेरभर झालं, घोड्यांना तर तेही नाही, ती पळसाच्या पाल्यावर आहेत, आणि उपाशी माणसांनी तोफा ओढायचे बैलसुद्धा खाल्ले. जानेवारी १७३८ मध्ये निजामाने दोराहा सराई इथे तह केला. माळवा मराठ्यांकडे आला, नर्मदा आणि चंबळ यांच्या मधला मुलूख आला, पन्नास लाख रुपये खंडणी ठरली. दोराहा आपल्या सीहोर जिल्ह्यातच आहे. माझ्या फिरतीच्या रस्त्यावर ते लागायचं, आणि दर वेळी मला तोफांऐवजी ती पळसाचा पाला चघळणारी घोडीच आठवायची. आपण मराठी माणसं आज माळव्यात घरं करून राहतो, त्यामागे घोड्यांच्या उपासमारीचाही वाटा आहे.

मराठी राज्याला ही गोष्ट फार आधी कळलेली होती. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलं असेल. ते राज्याभिषेकाच्या सुमाराचं आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्याचा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण त्या पत्राचं निमित्त दाणावैरणीचं होतं. पावसाळ्यासाठी पागेला साठा दिला आहे, तो आत्ताच मनाला येईल तसा उडवलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा रोख आहे. गवताच्या गंजीला आग कशी लागते, उंदीर दिव्याची पेटती वात कशी ओढून नेतो, इथपर्यंत बारकावे आहेत. राजाने स्वतः एवढ्या खोलात जाऊन गवताचा विचार करावा, याचा अर्थ घोड्याचा खुराक हा राज्याचा विषय होता.

त्या खुराकाची आपली एक भाषाच होती, ती आता विसरत चालली आहे. घोड्याला रोज ठरलेला दाणा मिळायचा, ती चंदी. चंदी म्हणजे बहुधा भिजवलेला हरभरा किंवा कुळीथ. ती तोबऱ्यात भरून तोंडाला बांधायची. घोड्याची देखभाल करणारा तो मोतद्दार. अंगाला खरारा करायचा. आणि चंदीच्या वर अधूनमधून द्यायचा तो मसाला. आज ज्याला आपण सप्लिमेंट म्हणतो, तो हा मसाला. ओवा, सुंठ, हिंग, मेथी, हळद, काळं मीठ, गूळ, असं काय काय त्यात पडायचं. प्रत्येक पागेची आपली पुडी, आणि ती दुसऱ्याला सांगायची नाही.

याला शास्त्र आहे. घोड्याला उलटी होत नाही. बिघडलेलं अन्न वरून बाहेर टाकता येत नाही, आणि आतडं तर एवढं लांब की गॅस धरला, गाठ पडली की पोटशुळाने जनावर काही तासांत जातं. दिवसभर थोडंथोडं गवत चरायचं हा त्याचा मूळ धर्म. आपण त्याला लढाईसाठी, टांग्यासाठी, शर्यतीसाठी जड दाणा चारतो. त्या जड दाण्याची तोड म्हणून पाचक मसाला. म्हणजे पूरक खुराकाची गरज घोड्याला निसर्गाने लावलेली नाही. माणसाने त्याच्याकडून काम घेतलं, त्यातून ती आली. माझ्या मते या धंद्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

उत्तरेत अशा मसाल्याला ‘बत्तीसा’ म्हणतात, बत्तीस जिनसांचा म्हणून. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणायचे, आणि सलोतरीच्या पोतडीत बत्तीसा असायचाच. हा मसाला पुडीतून डब्यात कसा गेला याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण सहारनपूरचं आहे. तिथे १९५१ मध्ये ‘इंडियन हर्ब्स’ नावाची कंपनी निघाली आणि तिने ‘हिमालयन बत्तीसा’ या नावाने ही पूड बाजारात आणली. सहारनपूरलाच सैन्याचा घोडे तयार करणारा रिमाउंट डेपो आहे, जडीबुटी उतरायला हिमालयाचा पायथा जवळ आहे, म्हणजे जागा अगदी नेमकी. माझ्या फिरतीत जनावरांच्या औषधांच्या कोणत्याही दुकानात गेलो तरी तो बत्तीसा दिसायचा. म्हशीने चारा सोडला की गवळी नाव घेऊन मागायचा. घोड्याच्या मसाल्याचं गिऱ्हाईक केव्हाच म्हैस झाली होती.

तिकडे इंग्लंडात हीच गोष्ट आणखी शंभर वर्षं आधी सुरू झाली होती. तिथे घोड्यांसाठी ‘कंडिशन पावडर’ आणि गुरांसाठी मसालेदार खाणं विकणारे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जोरात जाहिराती करत होते. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किट काढलं. गहू, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश असं ते होतं, आणि पहिलं गिऱ्हाईक होतं शिकारी कुत्रे पाळणारे जमीनदार. त्याच्याकडे चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगा कामाला लागला. कुत्र्यांची बिस्किटं विकता विकता त्याने कुत्र्यांची प्रदर्शनं भरवायला घेतली, आणि १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचा ‘क्रफ्ट्स’ शो सुरू केला. तो आजही जगातला सगळ्यात नावाजलेला श्वानमेळा आहे. विक्रीच्या लाइनीतला माणूस म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. माल विकायचा तर आधी माणसाच्या मनात जनावराचा अभिमान तयार करा, हे त्या पोराने ओळखलं.

त्या काळातल्या टॉनिकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घोड्याचे केस चमकावेत, भूक वाढावी म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि कुचला सर्रास दिला जायचा. दोन्ही जहर. थोडं दिलं तर तेज, जास्त दिलं तर मरण. ऑस्ट्रेलियाचा लाडका शर्यतीचा घोडा फार लॅप १९३२ मध्ये अमेरिकेत अचानक मेला. अनेक दशकांनंतर त्याच्या केसांची तपासणी झाली तेव्हा मरणाआधीच्या एकदीड दिवसात मोठ्या प्रमाणात आर्सेनिक पोटात गेल्याचं दिसलं. त्याच्या ट्रेनरची टॉनिकांची वही सापडली आहे, तिच्या पाककृतींतही आर्सेनिक आणि कुचल्याचं स्ट्रिक्निन आहे. कोणी मारला की टॉनिकाने मेला यावर अजून वाद घालतात.

आपल्याकडे घोड्याचं शास्त्र इंग्रजी पद्धतीने शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईत. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, शेकड्यांनी घोडे रस्त्यावर आले. व्हिक्टोरिया होत्या, लष्कराचे होते, महालक्ष्मीच्या शर्यतींचे होते. १८८६ मध्ये परळला बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज उघडलं. आमच्या मध्य प्रदेशातली जबलपूर आणि महू इथली कॉलेजं स्वातंत्र्यानंतरची. मी ज्यांच्या दारात बॅग घेऊन बसायचो ते बहुतेक डॉक्टर या दोन कॉलेजांतले. त्यातले कितीतरी मराठी, कोणी इंदूरचे, कोणी बऱ्हाणपूरचे. बॅग उघडायच्या आधी "काय, चहा घेणार ना?" व्हायचं.

आता कंपन्यांकडे येतो. आपल्या देशात जनावरांचा पूरक खुराक विकणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन वाटांनी वाढल्या, आणि तिन्ही मी जवळून पाहिल्या.

पहिली वाट जडीबुटीची. बत्तीस्याचं सांगितलंच. दुसरं मोठं नाव हिमालया. १९३० मध्ये मोहम्मद मनाल यांनी ती डेहराडूनला सुरू केली. त्यांची गोष्ट जनावरापासूनच सुरू होते. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना शांत करायला लोक एक मुळी खायला घालताना त्यांनी पाहिलं. ती मुळी सर्पगंधा. आईच्या बांगड्या गहाण ठेवून त्यांनी हाताने गोळ्या पाडायचं यंत्र घेतलं, आणि १९३४ मध्ये सर्पगंधेपासून ‘सर्पिना’ हे रक्तदाबाचं औषध आणलं. १९५५ मध्ये आलं ‘लिव्ह ५२’, ते तर आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन गेलंय. पुढे कंपनीने बंगळूरला बस्तान बसवलं, आणि मग याच नावाने गुरांसाठी, कुत्र्यांसाठी लिव्हरचं टॉनिक काढलं. हत्तीकडून माणसाकडे आलेलं ज्ञान फिरून जनावराकडे गेलं. डॉक्टरला नवीन नाव समजावून सांगायची गरज नव्हती. "तुम्ही स्वतः घेता ना, तेच, जनावरासाठी," एवढं पुरायचं. या वाटेची ताकद हीच, माणसाचा विश्वास आधी तयार होता.

दुसरी वाट मुंबईच्या औषध कंपन्यांची. वरळीच्या ग्लॅक्सोचं ऑस्टोकॅल्शियम आठवतं का? लहानपणी चमचा चाटून चाटून प्यायचो ते गुलाबी औषध. त्याच ग्लॅक्सोचा जनावरांचा विभाग होता, त्याचं कॅल्शियम दुभत्या गुरांना चालायचं, कोंबड्यांना व्हिटॅमिनचे थेंब जायचे, आणि कुत्रं पाळणारी मंडळी तेच घेऊन जायची, कारण कुत्र्यासाठी वेगळं असं फारसं काही नव्हतंच. २००६ मध्ये हा विभाग व्हिरबॅक या फ्रेंच कंपनीने घेतला. २००९ मध्ये वोखार्टचा जनावरांचा विभाग व्हेटोक्विनॉल या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने घेतला. ब्रँड तेच राहिले, बाटल्या तशाच राहिल्या, मालक बदलले. आमच्या लाइनीतल्या कितीतरी मराठी पोरांची व्हिजिटिंग कार्डं अशी एका रात्रीत बदलली. फ्रेंच लोकांनी पैसे का मोजले? त्यांना म्हशीच्या पलीकडे शहरातला कुत्रा दिसत होता.

तिसरी वाट कोंबडीची, आणि सगळ्यात मोठी मजल हिनेच मारली. पुण्यात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. परसातल्या कोंबडीचं त्यांनी कारखान्यातल्या कोंबडीत रूपांतर केलं. पिंजऱ्यातली कोंबडी किडे, गवत, माती टोचू शकत नाही. तिला लागणारं प्रत्येक व्हिटॅमिन, प्रत्येक खनिज मोजून खाद्यात मिसळावं लागतं. याला प्रीमिक्स म्हणतात. म्हणजे पुन्हा तेच, माणसाने जनावराला कामाला जुंपलं आणि पूरक खुराक लागू झाला. एकदा प्रीमिक्सची यंत्रं, प्रयोगशाळा आणि माल पोचवणारं जाळं उभं राहिलं की त्यातून दुसऱ्या जनावरांसाठी डबा काढायला वेळ लागत नाही. व्हेंकीजच्या नावाने पुढे पाळीव प्राण्यांचं खाणं आणि खुराकही आला.

हीच गोष्ट आपल्या जुन्या मध्य प्रदेशात, राजनांदगावला घडली. नागपूरहून रायपूरला जाताना लागणारं हे गाव २००० पर्यंत आपल्याच राज्यात होतं. आपल्या मंडळींना ते गजानन माधव मुक्तिबोधांमुळे माहीत असतं, ते तिथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवायचे. त्याच गावात १९८० च्या दशकात बहादुर अली यांनी शंभर कोंबड्यांपासून सुरुवात केली. त्यातून आयबी ग्रुप उभा राहिला, कोंबडी आली, कोंबडीचं खाद्य आलं, आणि २०१० च्या सुमारास कुत्र्यांच्या खाण्याचा ‘ड्रूल्स’ ब्रँड आला. कोंबडीच्या धंद्यातलं मांस घरचंच, खाद्य बनवायची विद्या घरचीच. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, केसांचं तेल, व्हिटॅमिन असे डबे आले. २०२३ मध्ये एल कॅटरटन या परदेशी गुंतवणूकदाराने तिच्यात सहा कोटी डॉलर घातले, आणि २०२५ मध्ये नेस्लेने थोडा हिस्सा घेतला तेव्हा कंपनीची किंमत शंभर कोटी डॉलरच्या वर धरली गेली. शंभर कोंबड्या ते शंभर कोटी डॉलर, आणि तेही मुंबई-बंगळूरपासून दूर, राजनांदगावात. आपल्या इकडच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

या सगळ्यात घोड्याचं काय झालं? २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजार राहिली. सात वर्षांत जवळपास निम्मी. टांगे गेले, बोजा वाहणारी तट्टं गेली. अमेरिकेत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी झाली, आणि तिचा शेवट फार बोचरा आहे. मोटार आली, लाखो घोडे बेकार झाले. १९२० च्या दशकात तिथे डबाबंद कुत्र्याचं खाणं मोठ्या प्रमाणात निघालं, ‘केन-एल रेशन’ नावाचं, आणि त्या डब्यात घोड्याचं मांस होतं. घराचं काम करणारं जनावर गेलं, घरात लाडाचं जनावर आलं, आणि पहिलं दुसऱ्याचं अन्न झालं.

आपल्याकडे तसं झालं नाही, पण खुराकाचा पैसा मात्र कामाच्या जनावराकडून लाडाच्या जनावराकडे सरकला. हे मी माझ्या ऑर्डरबुकात पाहिलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला भोपाळच्या जुन्या शहरात, इतवारा-बुधवारा भागात, टांगे होते. टांगेवाला घोड्याला गव्हाचा चोकर आणि चणे द्यायचा. चोकर स्वस्त, पोट भरतं. पण चोकरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. अशा खाण्यावर राहिलेला घोडा आपल्याच हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतो. हाडं पोकळ होतात, चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय लंगडतात. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला मी याच्यासाठी खनिजांचा डबा दाखवला. त्याने किंमत विचारली आणि म्हणाला, "भाईसाब, इतने में तो इसका हफ्ते भर का चना आ जाएगा." माझ्यासोबत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. त्यांनी डबा बाजूला सारला आणि सांगितलं, "चोकर कमी कर, जमेल तशी बरसीम किंवा लसूणघास घाल, आणि चुनखडीची पूड चिमूटभर टाक." माझी विक्री गेली, पण सल्ला सोळा आणे खरा होता. ज्या जनावराला पूरक खुराक खरंच हवा होता, त्याच्या मालकाला डबा परवडत नव्हता.

आणि ज्याच्या मालकाला परवडतो त्या जनावराला तो बहुतेक वेळा नको असतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची पिल्लं, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, लोक हौसेने आणतात आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून वरून कॅल्शियम घालतात. हॉलंडमध्ये उट्रेक्टला ग्रेट डेनच्या पिल्लांवर यावर काम झालंय. कोवळ्या पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम रोखू शकत नाही, ते शोषलंच जातं, आणि त्यातून हाडांची वाढच बिघडते. पिल्लांसाठी असलेल्या तयार खाण्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. त्यावर डबा म्हणजे भरल्या ताटावर दुसरं ताट.

प्रमाण चुकलं की काय होतं त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं आहे. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडात पोलोची मोठी स्पर्धा चालू होती. एका संघाच्या घोड्यांना सामन्याआधी ताकदीचं म्हणून व्हिटॅमिन आणि खनिजांचं इंजेक्शन दिलं. तयार औषध तिथे मिळत नव्हतं म्हणून ते बनवून घेतलेलं होतं. त्यात सेलेनियमचं प्रमाण चुकून कित्येक पट पडलं. २१ घोडे गेले, काही तर मैदानावर लोकांसमोर कोसळले. सेलेनियम लागतंच, पण चिमटीच्याही चिमटीएवढं.

खुराक सगळा खोटा असतो असं मात्र समजू नका. व्हिएन्नाच्या नाचणाऱ्या घोड्यांची जी जात आहे, लिपिझानर, त्यांच्यावर बायोटिनचा अभ्यास झाला. रोज २० मिलीग्रॅम दिल्याने खुरांची प्रत सुधारली, पण फरक दिसायला महिनोन् महिने गेले, कारण खूर वरून खालपर्यंत नवीन यायला जवळपास वर्ष लागतं. घामाने मीठ गमावणाऱ्या घोड्याला मीठ लागतंच. भोपाळच्या बिशनखेडीला राज्याची घोडेस्वारी अकादमी आहे, तिथल्यासारख्या खेळाच्या घोड्यांचा आहार डॉक्टर मोजूनमापून ठरवतात, आणि त्यात पूरक खुराकाला जागा आहे. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत ड्रेसाज या प्रकारात भारताच्या संघाला सुवर्ण मिळालं, त्यात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीतलं सोनं एकेचाळीस वर्षांनी आलं. असे घोडे खेळाडूच असतात, त्यांना खेळाडूसारखंच खायला लागतं.

म्हणून टॉमीबद्दल विचारणाऱ्यांना मी तीनच गोष्टी सांगतो. एक, डबा घेण्याआधी तो रोज काय खातो ते डॉक्टरला सांगा. तयार खाणं खात असेल तर बहुधा वरून काही लागत नाही. घरचा भात-पोळी-दूध खात असेल तर लागू शकतं, पण काय आणि किती ते डॉक्टर सांगेल, दुकानदार नाही. दोन, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. कित्येक डब्यांवर "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं. म्हणजे समोर कुत्र्याचा झळझळीत फोटो, आणि मागे कंपनी स्वतःच सांगते की हे औषध नाही. तीन, माणसांच्या गोळ्या आणि चॉकलेट त्याच्या वाटेला जाऊ देऊ नका, आणि कांदा-लसणाचा रस्सा भातावर ओतू नका. आपल्या घरात डबा विसरण्यापेक्षा हा रस्साच जास्त त्रास देतो.

आणि घोड्याबद्दल एक. भोपाळमध्ये आता आपल्या दारात घोडी येते ती लग्नातच. मे महिन्याच्या उन्हात, बँडच्या आवाजात, एका रात्री दोन-दोन वराती करून ती उभी असते. तिच्या खुराकावर कोणती कंपनी जाहिरात करत नाही, कारण तिचा मालक गिऱ्हाईक नाही. पुढच्या लग्नसराईत तुमच्याकडे वरात निघायची असेल, तर जावई उतरल्यावर घोडीवाल्याला विचारून तिच्यासमोर बादलीभर गार पाणी ठेवा, आणि हिरवा चारा मिळाला तर एक पेंढी. वऱ्हाडाच्या जेवणाच्या हिशोबात त्याचा खर्च दिसणारही नाही.